कपड्याला टाचलेला आकडा

६ मार्च
चि. पदवीबाईस,
अनेक आशीर्वाद.
तुझ्या काकांना हल्ली कमी ऐकू येतं. लॉन्ड्रीत गिऱ्हाईक कोट मागतं, हे चादर काढून देतात. म्हणून मी त्यांच्या नकळत कॉम्प्युटरवर कानाची यंत्रं बघितली. दुसऱ्या दिवशी हे हवामान बघायला बसले, तर तिथे कानाचं यंत्र! बातम्या उघडल्या, तिथेही तेच. मी गावभर दवंडी पिटली असं वाटून रुसलेत. दोन दिवस लॉन्ड्रीत फिरकले नाहीत. ही चुगली केली कोणी? घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, तूच शोध.
चुगलखोर नसलेली,
तुझी मावशी

१४ मार्च
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.
चुगली कुकीने केली. तू कपड्याला आकड्याची चिठ्ठी टाचतेस ना, तसंच. वेबसाइट आपल्या ब्राउझरला एक आकडा देते. पुन्हा गेलं की ब्राउझर तो दाखवतो आणि ती ओळखते. यात वाईट काही नाही, नाहीतर पानापानावर पासवर्ड द्यावा लागला असता. पण यंत्राच्या पानावर एका जाहिरातवाल्याचाही कोपरा होता. त्याने आपली चिठ्ठी गुपचूप टाचली. हवामानाच्या पानावरही कोपरा त्याचाच. नाव ठाऊक नसलं तरी आकडा ओळखीचा, आणि कॉम्प्युटर तुम्हा दोघांत एकच.

सांगायला लाज वाटते, पण तू ज्यांचे पांढरे कोट धुतेस, त्याच औषधवाल्यांच्या साइटवर कुकीची परवानगी विचारणारी पट्टी करायचं काम ऑफिसात माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, ‘चालेल’ ठळक कर, ‘नको’ बारीक आणि फिकं, म्हणजे लोक न वाचताच ‘चालेल’ दाबतील. मला तू आठवलीस. कपडा परत देताना तू चिठ्ठी न चुकता काढतेस, आणि कोणाच्या शर्टावर कसला डाग होता हे आम्हा पोरींनाही कधी सांगितलं नाहीस. मी दोन्ही बटणं सारखी केली आणि कारण लिहून दिलं. सोमवारी निकाल. नोकरी अजून कच्ची आहे. गेलीच तर इस्त्रीला घेशील ना?
काकांचा रुसवा काढ, माझा धीर वाढव.
तुझी,
पदवीबाई

२३ मार्च
चि. पदवीबाईस,
अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. काल औषधवाल्यांची साइट उघडली, तर पट्टीवर दोन बटणं, एकाच मापाची, शेजारी शेजारी. म्हणजे इस्त्रीला मला दुसरं माणूस बघावं लागणार! ह्यांनी चष्मा लावला, ‘नको’ दाबलं, आणि म्हणाले, पोरीने सरळ विचारलं, म्हणून सरळ सांगितलं.

ते ऐकून मी ओशाळले. मग मीही सरळच विचारलं, कानाच्या डॉक्टरांकडे जायचं का? लगेच शर्ट बदलायला उठले.

लोभ आहेच. वाढला तर त्याला नको म्हणू नकोस.
तुझी,
मावशी