सहीचा फोटो

बुधवार, दुपार

ताई,

तुला नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

दाजींना कोठडीत बीपीच्या गोळ्या मिळू लागल्या. तिथल्या डॉक्टरांनी सकाळी स्वतः मला फोनवर सांगितलं. जेवण जातंय, झोप मात्र नाही. थोरलीचा पेपर कसा गेला? गॅस संपत आला असेल तर शेजारच्या काकांना सांग, मी बोललोय त्यांच्याशी.

काल तू विचारलंस, "रोज साहेबांच्या खोलीत असतोस, एक शब्द टाकता येत नाही?" मग म्हणालीस, "कॅमेऱ्याचं झाकण तोंडाला लावून फिरतोस का रे?" फोन तू ठेवलास, बरं केलंस.

सात वर्षं मुख्यमंत्री साहेबांचे फोटो काढतोय. त्यांना बनियनवर पाहिलंय, भाषण विसरून रडवेले झालेले पाहिलंय. दोन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. डावा हात उचलत नाही. प्रत्येक फोटोआधी मीच तो खुर्चीच्या हातावर ठेवतो, बोटं सरळ करतो. परवा म्हणाले, "माझी चांगली बाजू आता तुलाच ठाऊक." हसले, तेही अर्ध्याच तोंडाने.

गेल्या मंगळवारी माध्यम सचिवांना साहेब काम करतानाचा फोटो हवा होता, तासाभरात. मी जुन्यातला एक काढून दिला. साहेब फायलीवर सही करताहेत, चेहरा टवटवीत. मी फक्त चेहरा पाहिला. साहेब डावखुरे आहेत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि मलाच त्या क्षणी सुचलं नाही. दाजींनी त्यांच्या पेपरात लिहिलं, फोटो जुना आहे, हा हात आता चालत नाही. दुसऱ्याच दिवशी अफवा पसरवल्याबद्दल त्यांना उचललं.

हाताचं त्यांना कोणी सांगितलं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. ताई, मी सांगितलं. गेल्या महिन्यात तुझ्याकडे जेवायला आलो होतो, तू आत ताटं ठेवत होतीस. मन मोकळं करायला बोलून गेलो. पोलिसांनी दाजींना चारदा सांगणाऱ्याचं नाव विचारलं. वकील सांगत होते, दाजींचं एकच पालुपद: "पेपरात वीस वर्षं काढलीत इन्स्पेक्टर साहेब, शिळा फोटो वासावरून कळतो."

आणि हे सगळं माहीत असताना शुक्रवारी मी जबाबावर सही केली. सचिव म्हणाले, "फोटो मंगळवारीच काढलाय, एवढंच आहे त्यात. तारीखच तर आहे, लेका." मी सही केली आणि पेनाला टोपण लावून त्यांना परत दिलं.

उद्या अकरा वाजता कोर्टात मला उभं करतील. फोटो दाखवून विचारतील, कधी काढला? खरं सांगायचं ठरवलंय. पण आज आरशासमोर तीनदा बोलून पाहिलं, तिन्ही वेळा तोंडातून 'मंगळवार'च आलं.

म्हणून हे पाकीट काकांच्या हाती पाठवतोय. आत मूळ फोटोचं मेमरी कार्ड आहे, त्यात खरी तारीख आहे. माझी सही खोटी ठरायला तेवढं पुरेल. मी 'मंगळवार' म्हणालो, तर माझ्याकडे बघत बसू नकोस. ऊठ आणि कार्ड वकिलांच्या हातात दे.

उद्या अकरापर्यंत तरी तुझा भाऊ,
बारक्या