साळूबाई मी नव्हे

मी, माहेरची भागूबाई, सासरची बनुबाई सहादेव नरवडे, राहणार तिसगाव, ता. पाथर्डी, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दमाला न भिता हे मृत्युपत्र नात अश्विनीकडून लिहवून घेते. अक्षर तिचं, बोलणं माझं. वय आधारवर अठ्ठ्याहत्तर, रेशनकार्डावर एकाहत्तर. जन्म एक जानेवारीचा, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखा.

बँकेत मी भागूबाई, आधारवर बनुबाई. लग्नात नाव बदललं. त्या दोघी मीच. सातबाऱ्यावरची साळूबाई मी नव्हे. ती माझ्या मालकांची पहिली बायको, छबूबाईची आई. विहिरीकडचे वीस गुंठे तिच्या बापानं तिला दिलेले. छबू चार वर्षांची असताना ती वारली, मग मी आले.

कागदांवरची नावं जुळेनात, तेव्हा माझा मुलगा कानिफनाथ म्हणाला, "आये, तिन्ही नावं माजीच म्हन आन् अंगठा दे."

"आरं, ती मेलेली हाय."

"कागदावर न्हाई मेली."

अश्विनी, बापाचं नाव आलं म्हणून थांबू नकोस, लिही. मी प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. वीस गुंठे माझ्या नावावर आले. छबू राहुरीला सासरी होती. कळलं तरी दिवाळीला माझ्या पाया पडायला आली.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की विहिरीवर तीन बायका दिसतात. भागू पाय सोडून बसलेली, बनू पाणी शेंदते, तिसरी पाठमोरी. मी "साळूबाई" अशी हाक मारते, आणि ओ देतात त्या दोघी.

म्हणून विहिरीकडचे वीस गुंठे छबूबाईला द्यावेत. प्रतिज्ञापत्रातलं 'साळूबाई मीच' हे म्हणणं खोटं आहे.

घर आणि शेळ्या कानिफनाथाला. तो चिडेल. चिडू द्या, चिडला की अगदी बापावर जातो. जातं सुनेला, मला मनातल्या मनात दळतेच, आता खरं पीठ तरी निघेल.

लग्नात सासूनं माझ्या गळ्यात सवतीचा चांदीचा टाक बांधला होता, मेलेल्या पहिलीची मूर्त दुसरीनं वागवायची म्हणून. तो छबूच्या हाती द्यावा. तिची आई मी इतकी वर्षं गळ्यात वागवली. जड नव्हती.

अश्विनी हे वाचून दाखवत होती तेव्हा जरा डोळा लागला. विहिरीवर हाक मारली. भागू, बनू गप्प. तिसरी वळली. हुबेहूब छबू.

साक्षीदार:
१. बाबाजान शेख, शिंपी, तिसगाव
२. पूजा ओंकार गर्जे, आशा सेविका, तिसगाव

तिसगाव, जि. अहिल्यानगर (जिल्ह्याचंही नाव बदललं, त्याच्याकडं कुणी अंगठा मागितला नाही)
दि. १२ नोव्हेंबर २०२५

डाव्या हाताचा अंगठा: बनुबाई ऊर्फ भागूबाई. एवढ्याच.