पंगतीचा खण, रुसव्याचा खण

नाना, रविवारची दुपार होती आणि आपण दोघं धुळ्याच्या घरात, मधल्या खोलीतल्या फरशीवर बसून गाण्यांच्या तबकड्या पुसत होतो. आई आत आडवी झाली होती. तुमच्या जुन्या धोतराचा मऊ तुकडा माझ्या हातात होता. पुसायला पाणी घ्यायचं नाही, आधी तोंडाची वाफ सोडायची आणि मग कडेकडेनं गोल पुसत आत यायचं, हे तुम्ही मला शिकवलं होतं. पुसून झालेली तबकडी मी तुमच्याकडे द्यायची आणि तुम्ही ती दोन तळव्यांमध्ये धरून क्षणभर बघायचात, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं, आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचात. त्या ट्रंकेत तुम्ही सुताराकडून लाकडी फळ्यांचे खण करून घेतले होते. पंगतीचा खण, वाट पाहण्याचा खण, रुसव्याचा खण, पाठवणीचा खण आणि सगळ्यात मागे, पाठीला लागून, घरचा खण. गाणं कुठल्या सिनेमातलं, कोणी गायलं, याच्याशी तुम्हाला कर्तव्य नव्हतं. ते कुठल्या वेळेला उपयोगी पडतं, एवढंच तुम्ही बघायचात.

भोंगेवाले नाना म्हणून तुम्हाला सोनगीरपासून साक्रीपर्यंत लोक ओळखायचे. लग्नाची सुपारी आली की चार भोंगे, ॲम्प्लिफायर आणि ती ट्रंक एस्टीच्या टपावर चढवून तुम्ही निघायचात. सुट्टी असली की मीही बरोबर, भोंगेवाल्यांची पोर म्हणून. इतर भोंगेवाले मांडवात पोचले की आधी आवाज मोठा करून गावाला जागं करायचे. तुम्ही आधी चुलाण्याकडे जायचात. बट्टीचं पीठ मळलंय का, वांगी किती चिरली आहेत, नवरीची आई कुठे बसली आहे, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं बघून परत यायचात आणि मग ट्रंक उघडायचात. एकदा आचारी घामाघूम होऊन तुमच्या कानाशी लागला, "नाना, बट्टी तळानी बाकी शे. पाव्हनासले थोडा येळ रमाडा." तुम्ही पंगतीच्या खणातून अशी काही तबकडी काढलीत, की पत्रावळीवरून पोरं उठून नाचायला लागली आणि म्हातारे टाळ्या वाजवत बसले. वरण-बट्टी वाढेपर्यंत उशीर झाला आहे, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. आचाऱ्यानं त्या दिवशी मला तुपाची वाटी भरून दिली.

आता हे सगळं का लिहायला बसले, ते सांगते. नाना, माझे कान चालले आहेत. उजवा जवळजवळ गेलाच आहे, डावा उतरणीला लागला आहे. इथे जळगावात एका डॉक्टरीण बाईंना दाखवलं. वयानं ती लहान आहे, पण समजावून सांगते. म्हणाली, "काकू, यंत्र लावायला उशीर करू नका. बोलणं स्पष्ट ऐकू येईल. गाणं मात्र पूर्वीसारखं लागेल असं मी म्हणणार नाही." दवाखान्यात तिनं एक यंत्र माझ्या कानात बसवून बघितलं. तिचं बोलणं खरंच लख्ख आलं, बाहेरच्या बाकावरच्या माणसाचं खोकणंसुद्धा. मग मी मोबाइलवर एक गाणं लावलं, घरच्या खणातलं, आई पोळ्या लाटताना तुम्ही लावायचात ते. स्टीलच्या डब्यात वाटाणे घालून हलवावेत तसं ते आलं. मी यंत्र काढून तिच्या टेबलावर ठेवलं. "फक्त गाण्यापुरतं काढून ठेवलं तर?" असं मी विचारलं. ती म्हणाली, दिवसभर लावायचं, काढ-घाल केली की सवय होत नाही. आणि कान तर आपल्या गतीनं उतरतोच आहे. मी विचार करते म्हणाले आणि निघाले. दोन महिने विचारच करते आहे.

या दोन महिन्यांत मी गाण्यांची चैन केली, नाना. ट्रंकेबरोबर माझ्याकडे आलेला तुमचा जुना प्लेअर दुरुस्त करून घेतला आणि डावा कान त्याच्याकडे करून बसायला लागले. सकाळी मेथी निवडताना एक, दुपारी बाहेर ऊन भाजत असताना, कूलरची घरघर चालू असताना दुसरं. त्या घरघरीच्या वर चढेल असा आवाज हवा आणि तरी डोळा लागला पाहिजे, असं गाणं शोधायला मला चार दिवस लागले. तुम्हाला एक मिनिट लागलं असतं. सूनबाई घरूनच ऑफिसचं काम करते, ती दारातून डोकावून म्हणते, "आई, माझ्या मीटिंगमधल्या लोकांनी आज विचारलं, तुमच्याकडे लग्न आहे का?" मी हसते आणि आवाज कमी करते. कमी केला की मला काही ऐकू येत नाही. मग मी नुसती तबकडी फिरताना बघत बसते.

एका संध्याकाळी मुलगा कारखान्यातून आला तो चेहरा पाडून. पायातले बूट काढताना एक या कोपऱ्यात, दुसरा त्या कोपऱ्यात. सूनबाई माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. विचारलं असतं तर "काही नाही" म्हणाला असता, हे दोघींना ठाऊक होतं. मी उठले आणि शब्द नसलेली, नुसत्या बासरीची ती तबकडी लावली. रुसलेल्या माणसाला शब्द ऐकवू नयेत, हे तुमचंच. थोड्या वेळानं तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकला आणि म्हणाला, "अजून अर्धा कप चहा आहे का?" मग साहेबाचं काय झालं ते सगळं आपणहून सांगितलं. मला त्यातलं निम्मंच ऐकू आलं, पण गाणं बरोबर निवडलं होतं याचा आनंद मला रात्रभर पुरला.

हे सगळं मला एका फजितीतून आलं, ते तुम्हाला आठवत असेल. सहावीत असताना मिशनच्या शाळेत सिस्टरनी आम्हाला लायब्ररी लावायला शिकवली होती, एबीसीडीच्या क्रमानं. मला ते इतकं आवडलं की मेच्या सुट्टीत तुम्ही बाहेर गेलेले बघून मी तुमची आख्खी ट्रंक सिनेमांच्या नावांनी एबीसीडीत लावून टाकली. तुम्हाला थक्क करायचं होतं मला. दुसऱ्या दिवशी सोनगीरच्या पलीकडच्या एका गावात नवरदेव मांडवाच्या दारात आला, करवल्या कलश घेऊन उभ्या, तुमची नजर दाराकडे आणि हात सवयीनं खणात. तबकडी फिरली आणि चारी भोंग्यांतून एक बाई मेलेल्या नवऱ्यासाठी टाहो फोडायला लागली. सगळा मांडव थिजला. नवरदेवाचा मामा फेटा सावरत ओरडला, "ओ भोंगावाला! आमना नवरदेव लगीनले उना शे, मयतले नही!" मग कोणीतरी खुदकन हसलं, आणि घोड्यावर बसलेला नवरदेवच इतका हसला की त्याच्या मुंडावळ्या सुटल्या. परतीच्या एस्टीत तुम्ही मांडीवर वायरी गुंडाळत होतात. मी रडायच्या बेतात. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, तुन्ही शाळामा पुस्तकं नाव देखीसन लावतस. मन्हा ट्रंकमा गाना मानूस देखीसन लावेल शेतस." एवढंच रागावणं. नंतर खिशातून शेंगदाणे काढून दिलेत आणि विचारलंत, की शाळेत सकाळी प्रार्थनेच्या वेळी सिस्टर पियानोवर काय वाजवतात. मी म्हटलं, रोज तेच. तुम्ही मान हलवलीत. "परीक्षाना दिनबी तेच? पोरेसनं काय व्हत व्हई!"

तर अशी मी, माणूस बघून गाणं काढायला तुमच्याकडून शिकलेली. आणि गेल्या आठवड्यात काय झालं ते ऐका. दुपारी प्लेअर चालू होता, मी डोळे मिटून बसले होते. नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या गळ्यात पडून कानात काहीतरी कुजबुजली. पहिलीत आहे ती. गुपित सांगायचं म्हणजे कानातच सांगायचं असतं, असा तिचा नियम आहे. तिनं नेमका उजवा कान पकडला. मला गालावर तिचा गरम श्वास लागला, बाकी काही नाही. मी हसून मान हलवली. ती मागे सरकली आणि माझ्याकडे निरखून बघायला लागली.

"काय सांगितलं मी? सांग बरं."

मी म्हटलं, "गुपित असं मोठ्यानं सांगतात का?"

"तू नुसती मान हलवतेस, आजी. कालपण हलवली होतीस."

"मग परत सांग ना. या कानात सांग."

"नको," ती म्हणाली. "आता मी आईला सांगेन." आणि गेली. रागावून नाही, नाना. रागावली असती तर मला चाललं असतं. दुकान बंद दिसलं की माणूस पुढच्या दुकानात जातो, तशी गेली.

प्लेअर चालूच होता. मी बसल्या जागी बसून राहिले आणि मला एक हळदीची संध्याकाळ आठवली. गाव कोणतं होतं ते आता सांगता येत नाही, धुळ्याच्या पलीकडचं काहीतरी. अंगणात पोरं रंगात आली होती, तुम्ही त्यांच्या आवडीचं गाणं लावलं होतं, आणि आतल्या बाजूला नवरीला हळद लावायला बसलेल्या बायकांनी त्यांची गाणी सुरू केली. फाटके, थरथरते आवाज, भोंग्यांपुढे त्यांचा काय पाड लागणार. तुम्ही मान वळवून आत बघितलंत आणि गाण्याच्या मध्येच सुई उचललीत. पोरं अंगावर आली. "ओ नाना, बंद काबर करं? पैसा आम्ही देल शेतस!" तुम्ही तबकडी पुसत पुसत म्हणालात, "माय-मावश्या गाई ऱ्हायन्यात ना भो. तबकडी सकायबी गाई. ह्या सकाय आपापला गावले जातीन." पोरं कुरकुरत खाली बसली. त्यातलाच एक जण नंतर आत जाऊन उंबऱ्याशी बसला होता, आजी काय गाते ते ऐकायला.

मी उठले आणि प्लेअरची सुई उचलली. मग मोबाइल घेतला आणि डॉक्टरीण बाईंना फोन करून वेळ ठरवली, ती आता उद्यावर आली आहे. त्यांनी काय वेळ सांगितली ते मला तीनदा विचारावं लागलं.

आज दिवसभर ट्रंक रिकामी केली. अजून डाव्या कानाला कळतंय, कोणतं गाणं कोणाचं आहे ते, तोवर वाटून टाकते. मुलानं प्रत्येक खणाची गाणी वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिली आहेत, तबकड्यांबरोबर तीही द्यायची. पंगतीचा खण शेजारच्या वहिनींना. त्या कॉलेजच्या पोरांची मेस चालवतात, भाजी बेताची झाली त्या दिवशी त्यांच्या कामी येईल. वाट पाहण्याचा खण धुळ्याला, धाकट्या बहिणीला. तिचा मुलगा फौजेत आहे आणि तो फोन कधी करेल याचा नेम नसतो. तुम्ही गेलात तेव्हा ती लहान होती, तुमची ही विद्या तिच्यापर्यंत पोचली नाही, मी तिला समजावून सांगेन. रुसव्याचा खण मुलाला, या अटीवर की जो रुसला असेल त्यानं लावायचं नाही, दुसऱ्यानं लावायचं. पाठवणीचा खण सूनबाईला. तिचं माहेर साक्रीचं आहे. लोक पाठवणीला रडवणारी गाणी लावायचे तेव्हा तुम्ही चाकांच्या ठेक्याची, गमतीची लावायचात, आणि कोणी नाक मुरडलं तर म्हणायचात, "रडाले गानं कसाले लागस? रस्ताकरता काहीतरी दे तिले." तिनं ती माहेराहून परत येताना गाडीत लावायची, जाताना नाही. घरचा खण नातीचा. आत्ता नाही, ती स्वतःच्या हातानं पोळ्या लाटायला लागेल तेव्हा. लाटायलाच लागली नाही, तर जे काही करत असेल ते करताना. प्लेअरही तिलाच.

आता घरात सगळे जेवून आपापल्या खोलीत आहेत, आणि उद्या सकाळी दवाखान्यात जायच्या आधी एकच गाणं ऐकून घ्यावं, म्हणून मी मघापासून तबकड्या काढते आणि परत ठेवते. दुसऱ्या कोणाचाही चेहरा बघून मला चटकन सुचतं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकते, नाना. माझ्यासाठी कोणती काढायची ते मला येत नाही. ती कायम तुम्हीच काढून द्यायचात.