आईच्या नाकाखालची रेघ

सिंदी (रेल्वे)

ती. नागेश भाऊजींना,

श्रावणचा सविनय जय भीम. तुम्ही, दीपमालाताई आणि पोरं तिकडे पुण्यात मजेत असाल, तुमची कंबरही आता तुमचं ऐकत असेल. इकडे आईचे गुडघे, शेतातला कापूस आणि मी, सगळे बरे आहोत. बरा नाही तो फक्त तुमचा कॅमेरा. (माझा म्हणणार होतो. पण आई आल्यागेल्याला तो 'जावयाचा कॅमेरा' म्हणूनच दाखवते, तेव्हा त्याचे दुर्गुणही तुमच्याच नावावर राहू द्या.) फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईच धरून बसते, म्हणून पत्र.

यंदाही येणं जमत नाही, तर आईचा एक चांगला फोटो तरी पाठव, भिंतीवर लावते, असं ताई फोनवर म्हणाली. मोबाइलवर काढतो, असं मी म्हणणार तोच तिच्या मागून तुमचा आवाज आला, की मोबाइलच्या फोटोत जीव नसतो, फिल्मवर काढ. आणि जुन्या बाजारातून घेतलेला हा कॅमेरा चार रोलांसकट कुरिअरनं दारात हजर. जावयाचा शब्द, मोडायचा कसा? आधार कार्ड सोडलं तर आई कधी कॅमेऱ्यासमोर बसलेली नाही (आणि त्या कार्डावर तीच आहे हे फक्त नंबरावरून कळतं). पण लेकीनं मागितला म्हणून धम्मचक्र दिनाला पांढरं इस्त्रीचं लुगडं नेसून अंगणात बसली. रोल संपवायचा म्हणून शेजारच्या जयवंताकाकूंनाही बसवलं, मग आमची बकरीही घेतली.

नागपूरहून फोटो धुऊन आले, तर प्रत्येकावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ. लुगड्यावर पडली असती तर दिसलीही नसती, पण ती नेमकी आईच्या नाकाखालून गेली. जयवंताकाकूंना अशी पांढरीशुभ्र मिशी आली, की त्यांच्या घरून येणारं ताक त्या दिवसापासून बंद आहे. रूपरावकाकांना मात्र बायकोचा तो फोटो फार आवडला. म्हणाले, "इतक्या वर्षांत पयल्यांदा खरी दिसून राह्यली." (ताक बंद होण्यामागे हेही एक कारण असावं.)

आधी मी नागपूरच्या फोटोवाल्यावर संशय घेतला. त्यानं बकरीच्या फोटोवर बोट ठेवलं. तिच्याही पोटातून तीच रेघ, त्याच उंचीवर. म्हणजे ओरखडा कॅमेऱ्यातच पडतो. मग मी एक रोल बळी दिला. झाकण लावून फिल्म थोडी सरकवायची, उघडून उजेडात धरायची, पुन्हा लावायचं. दर वेळी नवा ओरखडा, म्हणजे फोटोवाल्याचं म्हणणं खरं निघालं. तेव्हा माझी नम्र विनंती, की ज्यानं कॅमेरा पारखून घेतला त्यानंच येऊन त्याला समज द्यावी. ताईलाही सोबत आणा.

आईचा तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
श्रावण

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. दोष सापडला! कॅमेरा आला तेव्हा पुसायला कापूस हवा म्हणून मी मेडिकलमध्ये निघालो होतो, तर आई दारातच आडवी आली. "सिंदीत राहून कापूस इकत आनतं काय रे? लोकं हासतीन ना!" आणि पोत्यातला मूठभर काढून दिला, पत्ती-सरकीसकट. त्यातली सरकीच्या टरफलाची एक कपची फिल्म दाबणाऱ्या पट्टीवर चिकटून बसली होती. (चिकटली ती तुमच्या कॅमेऱ्याच्या झाकणाच्या कडेला असलेल्या, सडून चिकट झालेल्या फोमनं. म्हणजे अर्धा दोष पुण्याचाच.) सगळं स्वच्छ केलं आहे. वर लिहिलेलं विसरा, येण्याची तसदी घेऊ नका. ताईला फोटो घरपोच मिळेल.

ता. क. (दुसरं) वरचंही विसरा. नवा रोल धुऊन आला, पुन्हा तीच रेघ! आता एकच रोल उरला म्हणून मी पाळत ठेवली. आज सकाळी पाहतो तर आई ओट्यावर, मांडीवर कॅमेरा उघडा, आणि पोत्यातल्या ताज्या कापसानं आतून असा पुसते आहे, जसं नातवाचं तोंड. मी ओरडलो. तिनं हातही थांबवला नाही, वरही पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "फोटो चांगला निंगला तं पोरगी कायले येईन इथं?"

भाऊजी, शेवटचा रोल मी कपाटात ठेवला आहे. आई मात्र आत्ताच अंगणात तीन खुर्च्या मांडून पाहत होती, ऊन कोणत्या बाजूनं येतं ते.