हायड्रोजनच्या खोलीत दिवा नाही

बाबा, हायड्रोजनला वास नसतो. हे मी तुम्हाला पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघरात सांगितलं, तेव्हा तुम्ही वरणात भाकर चुरत होता. हात तसाच थांबवून तुम्ही म्हणालात, "मले शिकवते का वं तू गॅस?" आई चुलीपाशी तोंड फिरवून हसली. तुमचा राग मला तेव्हाही समजला होता. कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात सव्वीस वर्षं गॅस तुमच्याच हातून वाहिला. मागच्या शेडमध्ये रॉकेल तापवून त्याचा गॅस करायचा, लोखंडी टाकीत साठवायचा आणि नळ्यांतून मुलांच्या बर्नरपर्यंत पोचवायचा, हे तुमचं काम. प्रोफेसर लोकही तुम्हाला 'गॅसवाले' म्हणूनच हाक मारायचे. गळती शोधायची तुमची रीत म्हणजे आधी नाक, मग काडी. पेटती काडी नळीवरून हळूहळू फिरवायची, जिथे निळी जीभ निघेल तिथे फुंकर मारायची आणि साबणाचा गोळा चेपायचा. डावी भुवई त्यातच जळाली, ती पुन्हा धड उगवलीच नाही. तरी तुम्ही ती अशी मिरवायचात, जसं काही सरकारनं पदक दिलंय!

मी बी.एस्सी. झाले आणि शहराबाहेरच्या तेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असावं. तेलाचं वनस्पती तूप करायचं तर त्यात हायड्रोजन मुरवावा लागतो. नमुने तपासायला आमच्याकडेही त्याची एक लहानशी खोली होती. भिंतीला साखळीनं बांधलेले दोन लाल सिलिंडर, रेग्युलेटर, एक बारीक नळी आणि पोलादी भांडं, एवढाच कारभार. नेमणूक सहा महिन्यांची, तात्पुरती. पुढं साहेबांच्या मनात आलं तर पक्की. तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि दोघं भाऊ अजून शाळेत होते. माझी नोकरी पक्की झाली नाही तर घर कशावर चालणार, हे आपण तिघंही जाणून होतो, बोलत कोणी नव्हतं. रोज सकाळी तुम्ही मला सायकलवर मागं बसवून बसथांब्यावर सोडायचात.

ती खोली माझ्या गळ्यात पडली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. पहिल्या दिवशी वर पाहिलं तर छताजवळचा झरोका पुठ्ठा ठोकून बंद. का? तर कबुतरं येतात! मी म्हटलं, हा गॅस हवेपेक्षा हलका आहे, गळला तर वर जाऊन छताखाली साचून बसेल, त्यापेक्षा कबुतरं परवडली. शिडी आणून पुठ्ठा मीच उचकटला. ठिणगी नको म्हणून विजेच्या दिव्याचं बटण खोलीबाहेर घ्यायला लावलं. रोज सकाळी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. दारावर खडूनं लिहिलं, 'आत दिवा नाही, विडी नाही, काडेपेटी नाही.' स्टोअरकीपर येता-जाता विचारायचे, "बाई, देव तरी चालतो का आत?" मी हसून सोडून द्यायचे. नवी मुलगी हसणार नाही तर काय करणार!

मग आली खंडेनवमी. सकाळपासून सगळ्या इमारतीत झेंडूचा वास आहे. यंत्रं धुऊन-पुसून ठेवलीत, तराजूला हार, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू. आरतीचं ताट घेऊन सगळे एकेका खोलीत जाताहेत, पुढं साहेब. ताटात निरांजन पेटलेलं, कापूर, उदबत्तीचा पुडा. हायड्रोजनच्या खोलीच्या दारात मी उभी आहे. मी म्हणते, "साहेब, हार द्या, मी आत घालते. कुंकूही लावते. फक्त दिवा नको." साहेब काही वाईट माणूस नव्हते. हसतात. "अहो, दोन मिनिटांचा कापूर. दर वर्षी लावतो. झालं का काही आजवर?" मी म्हणते, "झालं असतं तर हे विचारायला आपण इथं नसतो." मागं कोणीतरी खुदकन हसतं. आणि तेवढ्यात स्टोअरकीपर, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू, "सोडा ना साहेब. त्यांच्यात पूजा चालत नाही. गॅस आपला निमित्ताला."

माझे कान तापले. छप्पन्न साली पाच वर्षांची मी तुमच्या खांद्यावर बसून बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेले होते. ते मी कधी लपवलं नव्हतं आणि कारखान्यात मिरवलंही नव्हतं. दोन्ही हात चौकटीला लावून मी तिथंच राहिले. म्हटलं, "मला ढकला आणि जा आत." कोणी ढकललं नाही. ताट मागं फिरलं. संध्याकाळी सुटीच्या वेळी हातात मेमो पडला, सहकाऱ्यांच्या भावना दुखावल्याबद्दल लेखी खुलासा करावा.

घरी आले तर दुसऱ्या दिवशी दसरा, आपल्या दीक्षेचा दिवस, त्यासाठी आई पांढऱ्या कपड्यांना नीळ देत होती. तुम्ही मेमो दोनदा वाचलात, चष्मा काढून पुन्हा एकदा वाचलात. "काहून अडली तू? दोन मिनिटाचा दिवा होता! मी सव्वीस वर्षं त्या ताटापुढं उभा राह्यलो. हात नाही जोडले, पण तोंडबी नाही उघडलं. म्हणून तू शिकली, समजलं का?" मी पण तुमचीच पोरगी. "मग जोडापाशी कापूर पेटवू देऊ का? त्या गॅसचं नाकाले काही समजत नाही, बाबा. दिवसा पेटला तर ज्योतही दिसत नाही." तुम्ही विचारलंत, "गळून राह्यला होता का?" "नाही. सकाळी पाह्यलं, एक बुडबुडा नव्हता." "मग?" "मग काय! सकाळी नव्हता. दुपारचं कोणाले मालूम?" तुम्ही पुढ्यातलं जेवणाचं ताट सरकवलंत. मग आवाज एकदम खाली आला. "खरं सांग पोरी. गॅससाठीच अडली ना? तो बोलला त्याच्यासाठी तर नाही?" मी म्हटलं, "गॅससाठीच. तुमची शप्पथ."

माफी लिहून दे म्हणालात, मी लिहिली नाही. खुलाशात लिहिलं की ज्या खोलीत हायड्रोजन आहे तिथं देवाचा, माणसाचा, कोणाचाच दिवा जाणार नाही, आणि मी त्या खोलीवर आहे तोवर तरी नाहीच. साहेबांनी पक्कं करण्याऐवजी आणखी सहा महिने लोंबकळत ठेवलं. तुम्ही आठवडाभर अबोला धरलात. सायकलवर सोडायचात, पण गप्प. मला तुमची पाठ तेवढी दिसायची, आणि मला तुमचा राग यायचा, बाबा, भयंकर राग यायचा. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून तिथवर नेलं, तोच आता मान खाली घाल म्हणतो! आजही तो राग पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

आठव्या दिवशी थांब्यावर तुम्ही खिशातून तुमचा दाढीचा ब्रश काढलात, कागदात गुंडाळलेला. "जोडाच्या मागच्या अंगाले बोट जात नाही तुझं. याच्यानं साबण चांगला लागते." एवढं बोलून सायकल वळवली. इतवारीच्या बाजारातून नवा ब्रश आणायला तुम्हाला पुढं महिना लागला, तोवर बोटांनीच फेस करून दाढी करत होता, आई सांगायची. आणि तुम्ही स्वतः कॉलेजात काडी सोडून साबणाचं पाणी धरलंत, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमच्या जागेवर आलेला माणूस भेटायला आला होता, त्यानं सांगितलं. तुम्ही मात्र घरात अवाक्षर काढलं नाहीत. हार मानायची नाही म्हणजे नाही!

वर्षभरानं मी पक्की झाले. पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला ताट माझ्या दाराबाहेर थांबलं, आत फक्त हार गेला. मी निवृत्त होईपर्यंत त्या खोलीत ठिणगी पडली नाही. लोक म्हणतात, बघा, काहीच तर झालं नाही. अरे, काहीच होऊ नये म्हणूनच तर मी तिथं उभी होते! ते दार मी आजही अडवीन, शंभरदा अडवीन.

पण एक गोष्ट मी तुम्हाला त्या संध्याकाळी सांगितली नाही, खुलाशातही लिहिली नाही. स्टोअरकीपर बोलला ना, त्यानंतर साहेब ओशाळले होते. म्हणाले, "बरं, आपण बाहेर अंगणात लावू, तिकडे फाटकापाशी, लिंबाखाली. मग तर हरकत नाही?" फाटक पन्नास पावलांवर होतं, वर मोकळं आभाळ. गॅसच्या हिशेबानं काहीच धोका नव्हता. मी म्हटलं, "तिथंही नाही." ताट त्यावर मागं फिरलं होतं.

त्या 'नाही'बद्दल मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो तुमच्या शपथेचा. तुम्ही सव्वीस वर्षं जे बोलला नाहीत ते त्या दिवशी मी बोलले, आणि घरी येऊन, तुम्ही नेमकं तेच विचारलंत तेव्हा, हायड्रोजनच्या मागं लपले. ब्रशचे केस आता पार झडलेत, नुसती मूठ उरली आहे. हा कागद तिच्याच भोवती गुंडाळून ठेवते. गॅससाठी नव्हतं, बाबा. नुसतं तेवढ्यासाठी तर नव्हतंच.