आतली कडी

१० फेब्रुवारी, शुक्रवार

निघालो एकदाचे! मागच्या सीटवर सासूबाई, त्यांची उशी आणि त्यांचा हट्ट. त्यांच्या मैत्रिणीच्या बिल्डिंगमधली एक खोली — एकटीने राहायला भाड्याने घ्यायची की नाही, ते सोमवारी कळवायचंय. त्यांचं ‘हो’ ठरलंय. त्यांच्या चिरंजीवांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याचं ‘नाही’ करून हवंय. म्हणून ही सहल! समुद्र दाखवला की आई विरघळेल, असा साहेबांचा बेत. पण गाडी चालवून दुपारपर्यंत साहेबांचीच पाठ धरली.

११ फेब्रुवारी, शनिवार

समुद्र झाला. विरघळल्या नाहीत. “छान आहे, पण वारा फार.”

१२ फेब्रुवारी, रविवार

परतीच्या वाटेवर पाटी दिसली — जुना तुरुंग, डागडुजी करून पाहण्यासाठी खुला. नवरा म्हणाला, “तुरुंग काय बघायचा?” सासूबाई म्हणाल्या, “थांबव गाडी.” थांबली!

काय चकाचक केलाय! भिंतींना ताजा चुना, फरशी अशी की आमच्या स्वयंपाकघराला लाज वाटावी. कैद्यांचं सामान जमा करायचे तिथे आता कॉफी मिळते. गाइडबाईंच्या गळ्यात शिट्टी, पण त्यांच्या आवाजापुढे तिची गरजच नाही.

एका कोठडीत सासूबाई खाटेवर टेकल्या त्या उठेचनात. “किती शांत आहे गं इथे!”

नवऱ्याचा चेहरा पडला. “आई, आपल्या घरापेक्षा हे बरं वाटतं तुला?”

“निदान एकटं बसू देतात.”

मी हसू दाबतेय, तेवढ्यात गाइडबाईंनी दार हलवून दाखवलं. “बघा, कडी फक्त बाहेरून. कैद्याला आतून दार लावायची सोयच नाही. पहारेकरी केव्हाही आत!”

“आमच्याकडेही अस्संच आहे,” सासूबाई म्हणाल्या.

सगळे खो खो हसले. मीही हसले — आणि मध्येच आठवलं. मागे सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हा नवऱ्याने त्यांच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. काळजीपोटीच! पुन्हा पडल्या आणि दार बंद असलं तर? तेव्हापासून जो तो धाडकन आत. चहा आणलाय, औषध घेतलंत का, झोपलात का — हे विचारायला झोपेतून उठवायचं! आणि यात मी सगळ्यात पुढे. फार वाईट वाटलं मला.

गावात शिरल्यावर नवरा हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबला. घरी आल्यावर बूटही न काढता कडी बसवली. अंगठा ठेचून घेतला ते वेगळंच.

“आता राहशील ना?”

सासूबाई आत गेल्या. खट्! कडी लागली. आम्ही दोघं बाहेर, दाराला कान लावून. आतून कपाट उघडल्याचा आवाज, मग गुणगुणणं. किती दिवसांनी! नवरा कुजबुजला, “जमलं वाटतं.”

१३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दार उघडलं. बॅग भरलेली होती.

नवऱ्याच्या केसांवरून हात फिरवून म्हणाल्या, “कडी काढू नकोस हं. राहायला येईन तेव्हा लागेल मला.”