तीन नंबरची वायर

५ नोव्हेंबर
मूल गावाहून परतताना गाडीनं दोनदा फटाका फोडला. चढ नाही, ओझं नाही, तरी दुसऱ्या गिअरवर आणावी लागली. अॅक्सिलेटर दाबला की खोकते, मग फाट्! बांधीत धान कापणाऱ्या बाया कमरेतून उठून बघायला लागल्या. एक ओरडली, "दिवाळी सरली न बाई!" मला हसू आलं. हे हसले नाहीत. "मिसिंग मारून राह्यली. मी पाहतो."
घरी आल्यावर तसेच बॉनेटमध्ये वाकले. जेवायला तीनदा हाक मारली.

८ नोव्हेंबर
शकील मिस्त्रीकडे. त्यानं पेट्रोलचा फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला. "कचरा आला असन, सर." गाडी तशीच. प्लग काढून पाहिले. दोन कोरडे, दोन पेट्रोलनं ओले.
हे चहाला पलीकडे गेले तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, दोन आन् तीनची वायर उलटी हाय."
"मग आधी का नाही पाहिली?"
"सरांच्या हातची वायर कोण पाहते जी? मीच त्यांच्यापाशी शिकलो."
त्यानं अदलाबदल केली. गाडी लगेच गुपचूप चालायला लागली. सरांना काही सांगितलं नाही. मीही नाही.

१३ नोव्हें.
पुन्हा तेच. बाजारात जाताना फाट्. शेजारच्या कुत्र्यानं तर पळ काढला.
शाळेतून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात यांनी त्याच मुख्याध्यापकांचे दोनदा आभार मानले होते. सगळे हसले. मीही. मार्चमधली गोष्ट.

१४ नोव्हें.
सकाळी हे अंघोळीला गेल्यावर बॉनेट उघडलं. दोन आणि तीन उलट्या.
या वायरींचा क्रम मला पाठ आहे, इंजिन न कळताही. एक, तीन, चार, दोन. ठिणगी त्याच ओळीनं जायला हवी. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा यांनीच शिकवलं होतं, ताटांवरून. सासूबाई आधी थोरल्या दादाला वाढायच्या, त्याला वावरात जायचं असे. मग धाकट्या दोघांना, तीन नंबर सुरेश, चार नंबर बेबी. सगळ्यात शेवटी दोन नंबर, म्हणजे हे. गुरं घेऊन उशिरा यायचे. "इंजिनात आमच्या मायचीच पंगत हाय," म्हणायचे. अख्ख्या सावली गावात ज्याला गाडी शिकवली त्याला ही पंगत सांगितली.
आज विचारलं, सहजच विचारल्यासारखं. बोटं मोजत म्हणाले, "आधी दादा. मंग मी. मंग बेबी. सुरेश मागून."
"सुरेश मागून काऊन?"
माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी विसरले. "एटापल्लीहून येते न तो. याले टाइम लागते. आपण जेवून घेऊ."

सुरेशभाऊंजी एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत नोकरीला होते. तापात गेले. आमच्या लग्नाला दुसरं वर्ष होतं. त्यांना खाटेवर घालून आणलं, तेव्हा खाटेचा एक पाय यांच्या खांद्यावर होता.

१६ नोव्हें.
काही लिहवत नाही. वायरी सरळ केल्या. संध्याकाळी हात धुताना नखांत काळं राहिलं.

१९ नोव्हें.
चंद्रपूरच्या डॉक्टरांचं नाव काढलं. "मिसिंग गाडीत हाय आन् दवाखाना मले? वा!" त्यांना ठाऊक आहे का? कधी वाटतं माझ्याआधी ठाऊक आहे.

२२ नोव्हें.
आता म्हणतात, सुरेशला आणायला जायचं. एकटे निघाले होते. फाटकातून गाडी बाहेर काढली आणि चौकापर्यंतही गेली नाही. वायरी सकाळीच त्यांनी पुन्हा उलट्या केल्या होत्या. फटफट करत परत आले. घामाघूम.
मी वायरींना हात लावला नाही. लावणार नाही. गाडी बिघडलेली आहे तोवर ते घरी आहेत. एटापल्लीच्या वाटेवर, आलापल्लीच्या पुढं जंगलात एकटे, कुठल्या वळणावर काय आठवेल…

२६ नोव्हें.
चार दिवस रोज अंगणात गाडी सुरू करतात. कान लावून ऐकतात. फाट्. बंद करतात. पुन्हा.
आज पायरीवर बसले. "सुजाता, मले आता आवाज समजत नाई."
माझ्याच्यानं ऐकवलं नाही. आत गेले. भांडी घासली, घासलेलीच.

२७ नोव्हें.
ते झोपेत असताना, पहाटे उजाडल्यावर, वायरी सरळ केल्या. यांनी उठून गाडी सुरू केली. आवाज एकसारखा. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. "झाली! सापडलं मले!"
"काय होतं?"
"थोडुसं होतं."
चावी मात्र मी माझ्या पर्समध्ये ठेवली. यांनी मागितली नाही.

२ डिसेंबर
उद्या निघायचं, सुरेशला आणायला. शर्टाला स्वतः इस्त्री केली. कॉलर राहिली. मी म्हटलं, गाडी मी चालवते. चटकन हो म्हणाले. "तू चालव, मी इंजिन ऐकतो. पण येताना मी चालवतो, तू मागं बसजो हं. समोर सुरेश."
बरं म्हटलं.
डॉक्टरांची वेळ उद्याचीच आहे. हे त्यांना ठाऊक नाही. शकीलला सांगितलंय, तो मूलपासून आमच्या मागोमाग येईल. म्हणाला, "बाई, सरांशी खोटं बोलणं जमन का तुमच्यानं?" जमेल, म्हटलं.
आमच्या चौकातून एक रस्ता वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोली, मग एटापल्ली. दुसरा मूलवरून चंद्रपूर. पंचवीस वर्षं या चौकातून गेलेत ते. डोळे मिटून सांगायचे कुठं खड्डा आहे. मी मूलकडे वळले की लगेच ओळखतील. ओरडतील, स्टिअरिंगला हात घालतील, कदाचित रडतीलही. त्याची तयारी केली आहे मी. काय बोलायचं तेही ठरवलंय.
आणि वळले, आणि ते काचेतून बाहेर बघत तसेच बसून राहिले तर